स्टेअरिंगने एअर धरली म्हणजे काय, आणि ती काढायची कशी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या डिझेल गाडीच्या पॉवर स्टेअरिंगचा पाईप गळायला लागला. रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये पाईप बदलून घेतला, नवं ऑइल भरलं आणि निघालो. पहिल्याच वळणावर बॉनेटखालून कुंईऽऽ असा लांबलचक आवाज आला. स्टेअरिंग मध्येच हलकं, मध्येच हाताला अडकल्यासारखं. गळका पाईप होता तेव्हाही गाडी इतकी वाईट वळत नव्हती. थांबून टाकीचं झाकण उघडलं, तर तासाभरापूर्वी ओतलेलं लालभडक ऑइल गुलाबी झालं होतं. वर साबणासारखा फेस होता आणि थोडं ऑइल टाकीच्या अंगावरून खाली ओघळलं होतं.

गॅरेजच्या भाषेत याला ‘एअर धरली’ म्हणतात. आणि त्यावर बहुतेकांना एकच उत्तर मिळतं: ‘चालवा, चार दिवसांत आपोआप निघेल.’ हा लेख मी लिहितोय तो या उत्तरामुळेच. कधीकधी ती निघतेही. पण पुष्कळदा हवा निघायच्या ऐवजी ऑइलमध्ये आणखी बारीक मिसळते, आणि तेवढे चार दिवस पंप स्वतःलाच झिजवत राहतो. काम खरं तर घरच्या अंगणात करता येईल इतकं साधं आहे. फक्त ते घाईत केलं की हमखास उलटं होतं, आणि ते का, हे एकदा नीट कळलं की घाई करायची इच्छाच होत नाही.

आधी एक गोष्ट बघून घ्या. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांमध्ये इलेक्ट्रिक स्टेअरिंग असतं. तिथे मोटर जोर लावते. ऑइल नाही, पाईप नाही, त्यामुळे हवा धरायचा प्रश्नच येत नाही. बॉनेट उघडल्यावर स्टेअरिंगच्या चाकाचं चित्र असलेली छोटी टाकी दिसली, तर तुमची गाडी ऑइलवाली. बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा अशा दणकट गाड्या, ट्रक, बस आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या बऱ्याच मोटारी या गटातल्या. अवजड गाड्यांचं हे काम आपल्या जवळचंच आहे, ट्रक-बसचे स्टेअरिंग बॉक्स बनवणारा कारखाना पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला आहे.

ऑइल नेमकं करतं काय

इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. तो टाकीतून ऑइल ओढतो आणि जाड, दाब सोसणाऱ्या पाईपातून स्टेअरिंगच्या रॅककडे किंवा बॉक्सकडे, म्हणजे चाकं वळवणाऱ्या भागाकडे ढकलतो. तिथे एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याच्याशी जोडलेली एक बारीक सळई. तुम्ही स्टेअरिंग वळवता तेव्हा ही सळई किंचित पिळते. जितकी पिळेल तितका व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल पिस्टनच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला जातं. चाकं ढकलायचं काम तो पिस्टन करतो. दुसऱ्या बाजूचं ऑइल परतीच्या पाईपाने टाकीत येतं. म्हणजे हा एक गोल फेरा आहे: टाकी, पंप, रॅक, पुन्हा टाकी.

अमेरिकेतल्या फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने अशी व्यवस्था १९२६ मध्ये गाडीवर चालवून दाखवली होती. पण विक्रीच्या मोटारीत ती यायला १९५१ उजाडलं. क्रायस्लरची इम्पिरियल ही ती पहिली मोटार. तेव्हापासून आजवर मूळ कल्पना फारशी बदललेली नाही.

या सगळ्याचा जीव एका गुणात आहे: ऑइल दबत नाही. उभ्या गाडीचं स्टेअरिंग पूर्ण एका टोकाला नेलं की पाईपातला दाब सहज ७० बारच्या पुढे जातो. मोटारीच्या टायरमध्ये आपण साधारण दोन-सव्वादोन बार हवा भरतो, त्यावरून अंदाज करा. एवढ्या दाबाखालीही ऑइल जेमतेम अर्धा टक्का आक्रसतं. त्यामुळे पंपाने लावलेला जोर जसाच्या तसा पिस्टनपर्यंत पोहोचतो. हवेचं तसं नाही. त्याच दाबाखाली हवेचा बुडबुडा सत्तराव्या हिश्श्याइतका चिमटून जातो. म्हणजे पंप जोर लावतो, तो आधी बुडबुडे दाबण्यात खर्च होतो. बुडबुडे चेपले की मग चाकं हलतात. हाताला जो अडकल्यासारखा, झटक्याझटक्याचा अनुभव येतो तो याचा.

आवाजाचं कारणही हेच. पंपात पातळ पात्या असतात. त्या एका बाजूने ऑइल उचलतात आणि दुसऱ्या बाजूने दाबाखाली सोडतात. त्यात बुडबुडे असले की दाबाच्या बाजूला पोहोचताक्षणी ते फटकन मिटतात. एका सेकंदात असे असंख्य बुडबुडे मिटले की आपल्याला ती कुंई ऐकू येते. शिवाय पात्यांना वंगण मिळतं ते त्याच ऑइलचं. जिथे ऑइलऐवजी हवा आली तिथे धातूवर धातू घासला. म्हणूनच ‘आवाजच तर आहे, येऊ दे’ म्हणणं महागात पडतं. एक अपवाद सांगून ठेवतो: स्टेअरिंग अगदी शेवटच्या टोकाला धरून ठेवलं की ‘स्सूं’ असा आवाज येतो, तो जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा. तो चांगल्या गाडीतही येतो.

हवा शिरते कुठून

विहिरीवर मोटर बसवलेल्या घरात वाढलेल्यांना हे एका वाक्यात कळेल: सक्शनला भोक पडलं तर मोटर हवा घेते, डिलिव्हरीला पडलं तर पाणी उडतं. फूटव्हॉल्व्हपासून मोटरपर्यंतच्या पाईपाला केसाएवढी चीर असली तरी मोटर नुसती फिरते, पाणी उचलत नाही. आणि बाहेरून बघावं तर पाईप कोरडा ठणठणीत. स्टेअरिंगचंही अगदी असंच. टाकी ते पंप हा छोटा रबरी पाईप म्हणजे सक्शन. त्याची क्लिप सैल झाली, रबर कडक होऊन टोकाला तडकलं, किंवा पंपाच्या तोंडाची गोल रबरी रिंग चपटी झाली, की पंप तिथून हवा ओढतो. इंजिन चालू असताना ऑइल बाहेर येत नाही, कारण तिथे ओढ आतल्या दिशेला असते. फार तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर जोडाखाली ओलसर डाग दिसतो.

लोक मात्र शोधतात तो जाड पाईप, कारण तिथून ऑइल उडतं आणि डोळ्यांना दिसतं. तिथली गळती वाईट खरी, पण त्या वाटेने हवा आत येत नाही. तिच्यामुळे टाकीतली पातळी खाली जाते आणि मग टाकीच्या तळाच्या तोंडातून पंप हवा घेतो. (जाड पाईपावर चालू इंजिनात कधीही हात फिरवून गळती शोधू नका. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून त्या दाबाने निघालेलं ऑइल कातडी भेदून आत जातं, आणि ती जखम दिसते त्यापेक्षा फार गंभीर असते. पुठ्ठ्याचा तुकडा धरा.)

पंपाच्या शाफ्टचं ऑइल सील गेलं असेल तर तिथूनही हवा येते. टाकीच्या तळाची जाळी गाळाने भरली असेल तर पंपाला ऑइल पुरत नाही आणि तो तसाच ओरडतो. तेव्हा कितीही वेळा एअर काढली तरी उपयोग नाही. आणि अर्थात पाईप, पंप किंवा रॅक बदलला की रिकाम्या जागेत हवा असतेच, ती कुणाच्या चुकीने आलेली नसते. ती काढणं हा त्या कामाचाच भाग आहे.

बुडबुड्याचा हिशेब

आता खरा मुद्दा. ब्रेकची एअर काढताना चाकापाशी निपल असतं, ते सैल करून हवा बाहेर काढतात. मोटारींच्या स्टेअरिंगला बहुधा तसं काही नसतं. (काही ट्रक-बसच्या बॉक्सवर वरच्या अंगाला एअर काढायचा स्क्रू असतो, तिथे कंपनीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणेच करायचं.) मोटारीत हवेला जायला एकच वाट आहे: ऑइलबरोबर फिरत टाकीपर्यंत यायचं, आणि टाकीत वर तरंगून फुटायचं.

तरंगून यायला वेळ लागतो, आणि किती लागतो हे बुडबुड्याच्या आकारावर ठरतं. बुडबुडा निम्मा झाला तर त्याचा वर चढायचा वेग निम्मा होत नाही, पाव होतो. दहावा हिस्सा झाला तर वेग शंभरावा हिस्सा. कोमट ऑइल धरून हिशेब केला, तर १ मिलिमीटरचा बुडबुडा १० सेंटिमीटर वर यायला सहा-सात सेकंद घेतो. ०.१ मिलिमीटरचा, म्हणजे जाडसर केसाएवढा बुडबुडा, तेवढंच अंतर चढायला दहा मिनिटं घेतो.

आता दुसरी बाजू बघा. इंजिन चालू असताना मोटारीचा पंप मिनिटाला ढोबळमानाने सहा ते आठ लिटर ऑइल फिरवतो, आणि सगळ्या यंत्रणेत मिळून ऑइल असतं साधारण एक लिटर. टाकीत त्यातलं अडीचशे-तीनशे मिलि. म्हणजे टाकीत आलेलं ऑइल दोन-तीन सेकंदांत परत पंपात ओढलं जातं. मोठे बुडबुडे कदाचित तेवढ्यात सुटतील. बारीक बुडबुड्यांना दहा मिनिटं हवीत, मिळतात दोन सेकंद. आणि पंपाच्या पात्या प्रत्येक फेऱ्यात मोठ्या बुडबुड्यांचे आणखी बारीक तुकडे करतात. रवीने ताक घुसळावं तसंच हे. गुलाबी रंग आणि फेस त्यातून येतो.

त्या दिवशी माझ्या गाडीचं हेच झालं. पाईप बसवल्याबरोबर इंजिन चालू करून, ॲक्सिलरेटर देत, स्टेअरिंग गरागरा दोन्हीकडे फिरवलं गेलं. पाईपातली हवा मोठ्या मोठ्या फुग्यांच्या रूपात होती. ती सहज निघाली असती. तिचा पंपाने चुरा केला.

म्हणून या कामाचा एकच नियम मी सांगेन: हवा मोठी आहे तोवर, इंजिन बंद ठेवून काढा. आणि चुरा झालाच असेल तर गाडी उभी ठेवून वाट बघा. तासभर, जमलं तर रात्रभर. नुसतं उभं राहिल्याने जेवढी हवा निघते तेवढी पन्नास वेळा स्टेअरिंग फिरवून निघत नाही.

प्रत्यक्ष काम

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. पुढची दोन्ही चाकं जमिनीपासून सुटतील इतकी गाडी उचला आणि खाली घोडी, म्हणजे स्टँड लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हे काम करू नका, स्टेअरिंग फिरवताना गाडी हलते. चाकं उचलायचं कारण सोयीपुरतं नाही. जमिनीवरची चाकं वळवायला जोर लागतो, जोर लागला की दाब चढतो, आणि दाबाखाली बुडबुडे बारीक होऊन ऑइलमध्ये जातात. हवेतली चाकं बोटाने वळतात.

टाकी खुणेपर्यंत भरा. झाकण काढून ठेवा, पण भोवतीची धूळ आधी फडक्याने पुसून घ्या. स्टेअरिंगचं लॉक सुटण्यापुरती चावी एक घर फिरवा. इंजिन चालू करायचं नाही. आता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. एका फेरीला दहा-बारा सेकंद लागले तरी चालेल. यावेळी रॅकमधला पिस्टन पिचकारीसारखा चालतो: एका बाजूने हवा आणि ऑइल बाहेर लोटतो, दुसऱ्या बाजूला ऑइल ओढून घेतो. टाकीजवळ दुसरं माणूस टॉर्च घेऊन उभं करा. आमच्याकडे हे काम माझ्या पुतणीने केलं. ती वाकून सांगत होती, ‘काका, आला एक मोठा. अजून एक. आता खाली गेलं, थांबा, ओतते.’ सुरुवातीला पाण्यात बुडवलेल्या रिकाम्या बाटलीसारखे गुडगुड मोठे बुडबुडे येतात आणि पातळी झरझर उतरते. ती टाकीच्या तळाच्या तोंडापर्यंत उतरू देऊ नका. गेली की पुन्हा पहिल्यापासून. पंधरा-वीस फेऱ्यांनंतर बुडबुडे येणं थांबतं आणि पातळीही स्थिर होते. माझ्या गाडीला अठरा लागल्या.

पाच-दहा मिनिटं थांबा. मग इंजिन चालू करा, फक्त आयडलवर, ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. पुन्हा सावकाश दोन्हीकडे फिरवा. शेवटच्या टोकाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका; तिथे दाब सर्वांत जास्त असतो आणि ऑइल भराभर तापतं. मध्येच फेस दिसला तर हट्टाने फिरवत बसू नका. इंजिन बंद करा, चहा घेऊन या, फेस बसू द्या, मग पुढे. चाकं खाली टेकवून शेवटची एक फेरी घ्या.

यानंतरही बारीक फेस हटत नसेल तर व्हॅक्यूमची पद्धत आहे. टाकीच्या तोंडात घट्ट बसणारं रबरी बूच, त्यातून एक नळी आणि हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप. काट्यावर २० इंच पारा दिसेपर्यंत हवा ओढली की टाकीतला दाब बाहेरच्या साधारण एक तृतीयांशावर येतो. दाब तिसरा हिस्सा झाला की बुडबुडे फुगून तिप्पट होतात, त्यांचा व्यास जवळपास दीडपट आणि वर यायचा वेग दुप्पट. पाच-दहा मिनिटांत टाकीत उकळी फुटल्यासारखं दिसतं. ते दृश्य खरंच बघण्यासारखं आहे. त्यात ऑइलमध्ये विरघळलेली हवाही थोडी बाहेर येते. खनिज ऑइलमध्ये एरवीही आकारमानाच्या आठ-नऊ टक्के हवा विरघळलेली असते, पण ती दिसत नाही आणि त्रासही देत नाही. त्रास फक्त बुडबुड्यांचा.

ऑइलबद्दल थोडक्यात, पण ठासून. टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात जे लिहिलं असेल तेच घाला. काही गाड्यांना लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल लागतं, काहींना हिरवं सिंथेटिक, काही कंपन्यांचं स्वतःचं वेगळं असतं. रंग जुळला म्हणजे ऑइल जुळलं असं नाही. आणि ब्रेक ऑइल तर चुकूनही नाही. ते वेगळ्याच जातीचं असतं आणि स्टेअरिंगच्या सील्सची वाट लावतं. एक कप ब्रेक ऑइलमुळे अख्खा रॅक बदलायची वेळ येते.

हवा गेली हे ओळखायचं कसं

आवाज बंद झाला म्हणजे हवा गेली, असं समजू नका. त्याहून पक्की खूण टाकीत असते. इंजिन चालू असताना, आयडलवर, स्टेअरिंग सरळ ठेवून, टाकीवर पातळीपाशी पेनाने रेघ मारा. इंजिन बंद करा आणि लगेच बघा. ऑइल रेघेच्या वर उसळलं तर आत अजून हवा आहे. चालू असताना दाबाखाली चिमटलेली हवा दाब सुटताच फुगते आणि ऑइल टाकीत ढकलते. अनेक गाड्यांच्या दुरुस्तीच्या पुस्तकांत यासाठी ५ मिलिमीटरची मर्यादा दिलेली असते. त्यापेक्षा जास्त चढलं तर पुन्हा एअर काढायची.

आमच्या गाडीची पहिली उसळी बोटाच्या पेराएवढी होती. रात्रभर उभी ठेवून सकाळी वरचं सगळं केल्यावर ती जेमतेम दिसेल इतकी राहिली, स्टेअरिंग लोण्यासारखं झालं आणि आम्ही खूश झालो. आठवड्याने कुंई परत.

मग गावातल्या एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी आधी काहीच खोललं नाही. इंजिन आयडलवर ठेवलं, तेच ऑइल एका जुन्या ब्रशने टाकीखालच्या रबरी पाईपाच्या जोडावर लावलं आणि कान देऊन ऐकत राहिले. दोन-तीन सेकंदांत आवाज कमी झाला. ओलं ऑइल फटीवर बसलं होतं आणि पंप हवेऐवजी तेच ओढत होता. पुसून टाकलं की आवाज परत. ‘नवा पाईप, पण क्लिप जुनीच घातलीय,’ ते म्हणाले. जुनी स्प्रिंगची क्लिप ताण हरवून बसली होती, पाईपावर बोटाने फिरत होती. त्यांनी स्क्रूने आवळायची नवी क्लिप घातली, पाईपाचं टोक अर्धा इंच कापून ताज्या रबरावर बसवलं, आणि मला म्हणाले, ‘आता परत एकदा अठरा फेऱ्या मारा, इंजिन बंद ठेवून.’ टाकीवरची पेनाची रेघ मी अजून पुसलेली नाही. दर महिन्याला इंजिन बंद करून तिच्याकडे एकदा बघतो.